पाणी हिरवं झाल्यावर फोन करणाऱ्यांना

खासगी तळ्यांचे मालक, तळं असलेल्या सोसायट्यांच्या कमिट्या, रिसॉर्टचे आणि गोल्फ मैदानांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन बहुतेक वेळा बुधवारी येतो. पाणी हिरवंगार झालंय, वास मारतोय, शनिवारी कार्यक्रम आहे, काहीतरी टाका. कधी बुधवारऐवजी गुरुवार असतो, कार्यक्रमाऐवजी पाहुणे असतात, पण 'काहीतरी टाका' हे शब्द चुकत नाहीत. अठरा वर्षं मी तळी सांभाळण्याचा सल्ला देऊन पोट भरतोय. तळ्यात काय टाकू असं विचारणारे शेकड्याने भेटले. तळ्यात काय येतंय असं विचारणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. हे पत्र त्या शेकड्यांसाठी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी माझे संबंध चांगले आहेत, पत्र वाचून झाल्यावरही ते राहावेत अशी इच्छा आहे.

माझ्या धंद्यातली अडचण अशी, की तुम्ही मला पाण्यासाठी बोलावता आणि माझं निम्म्याहून जास्त काम काठावर असतं. मी आलो की आधी पाण्याकडे जातच नाही, उलट्या दिशेला चालू लागतो. गच्चीचं पाणी कुठे उतरतं, हिरवळीचा उतार कुणीकडे आहे, ड्रेनेजच्या चेंबरभोवती ओल आहे का, कापलेलं गवत माळीकाका कुठे ओततात. सोबतचे कमिटीवाले पाच मिनिटांत घड्याळ बघायला लागतात. एका सेक्रेटरींनी तर स्पष्टच विचारलं होतं, "अहो, तळं त्या बाजूला आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. पण जरा माझ्यासोबत हिशेब करा. एक हेक्टरचं तळं, सरासरी खोली दोन मीटर. म्हणजे वीस हजार घनमीटर, दोन कोटी लिटर पाणी. एवढं पाणी हिरवट व्हायला लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम फॉस्फरस पुरतो. सगळा मिळून झाला ६०० ग्रॅम. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत साधारण १० किलो फॉस्फरस असतो, तेव्हा ६०० ग्रॅमसाठी खत लागलं तीन किलो. बादलीच्या बुडाशी मावेल एवढं. हिरवळीला दुपारी खत मारलं आणि संध्याकाळी जोराची सर आली, तर तीन किलो खत उतारावरून खाली यायला कितीसा वेळ लागणार? आणि तुमच्या स्टोअररूममध्ये मी गोणी मोजल्या आहेत. एक नव्हती.

फॉस्फरसवरच एवढा रोख का, असं एक इंजिनिअर सदस्य विचारतात. प्रत्येक कमिटीत एक असतातच. त्यांच्यासाठी सांगतो. कॅनडात ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात संशोधनासाठी राखलेली तळी आहेत. तिथे १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, एका भागात त्याशिवाय फॉस्फरसही घातला. तोच भाग हिरवा झाला. त्याचा विमानातून घेतलेला फोटो मी लॅपटॉपवर ठेवतो. पडद्याच्या अलीकडे काळसर स्वच्छ पाणी, पलीकडे मेंदीच्या रंगाचं. अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे होत नाही ते त्या एका फोटोने होतं, निदान पुढची मीटिंग येईपर्यंत.

आता मोरचुदाविषयी. पिशवी स्वस्त, निळे खडे दिसायला देखणे, आणि शेवाळ दोन दिवसांत मरतंही. म्हणून कंत्राटदाराचा तो हुकमी एक्का. मी त्याला सरसकट वाईट म्हणणार नाही, मीही वापरला आहे. त्यातूनच मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग शिकवणी मिळाली, ती सांगतो.

धंद्यात पडून दोन वर्षं झाली होती. एका गृहस्थांचं वडिलोपार्जित तळं होतं. मी खोली विचारली. "बारा फूट. वडिलांनी स्वतः उभं राहून खणून घेतलंय." वडिलांचं नाव निघाल्यावर मला होडी काढून मोजायचा संकोच वाटला. बारा फुटांच्या हिशेबाने मी मात्रा काढली, सगळ्या तळ्यावर एकाच दिवशी फवारली. तिसऱ्या दिवशी काठाला पांढरी रेघ दिसली. जवळ गेलो तर बोटाएवढ्या माशांचा थर. ऑक्सिजन संपला तर बहुधा मोठे मासे आधी जातात, विषारी काही असलं तर चिल्लीपिल्ली आधी. त्या दिवशी मोठे मासे अजून फिरत होते. म्हणजे दोष कुणाचा हे मला प्रयोगशाळेत न जाताच कळलं. नंतर मोजलं. गाळ भरत भरत सरासरी खोली पाच फुटांवर आली होती, म्हणजे मी दुपटीहून जास्त मोरचूद ओतला होता. त्यात पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, लिटरमागे ३५ मिलिग्रॅम. ५० च्या खाली असेल तर मोरचुदाला हात लावायचा नाही हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण पुस्तक घरी होतं. त्या गृहस्थांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. जाळं आणलं आणि माझ्यासोबत मासे गोळा करायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मालकाने सांगितलेली खोली मी लिहून घेतो, पण वहीच्या समासात.

मोरचुदाची दुसरी गोष्ट माशांपुरती थांबत नाही. नीलहरित शेवाळाच्या काही जाती पेशीत विष बाळगतात. पेशी शाबूत असतील तर विष बरंचसं आत राहतं. तुम्ही औषध मारून एका फटक्यात त्या फोडल्या की ते पाण्यात मोकळं होतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात असं शेवाळ माजलं, म्हणून त्यावर मोरचूद मारला. काही दिवसांतच १४८ माणसं आजारी पडली. त्यात बहुसंख्य लहान मुलं होती. यकृताला आणि मूत्रपिंडाला त्रास, कित्येकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा पाण्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखी हिरवी-निळी साय दिसली तर कृपा करून औषधाची पिशवी शोधू नका. मुलांना आणि कुत्र्यांना काठापासून लांब ठेवा, बागेला ते पाणी फवारणं थांबवा आणि मग मला फोन करा. हा फोन मध्यरात्री केला तरी चालेल.

मध्यरात्रीवरून आठवलं. तुम्हाला वाटतं माझं काम दुपारचं आहे, टोपी घालून काठावर फिरायचं. खरं काम पहाटेचं. गेल्या उन्हाळ्यात एका वसाहतीच्या तळ्यावर साडेचारला पोचलो. पाऊस नव्हता, तरी पाण्यावर बारीक थेंब पडत असल्यासारखा आवाज येत होता. बॅटरी मारली तर पृष्ठभागावर शेकडो तोंडं, उघडतायत, मिटतायत. मीटर पाण्यात सोडला. लिटरमागे १.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन. आदल्या दिवशी दुपारी चारला त्याच जागी मी १४ वाचला होता. तीस अंशाच्या पाण्यात मावतो साडेसात. तेव्हा चौदा हा आकडा बघून खूश होणाऱ्याने आधी घाबरायला हवं. दिवसभर शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं, आणि सगळ्यात मोठा खड्डा पडतो उजाडायच्या आत. फाटक उघडायच्या कितीतरी आधी.

त्या वसाहतीच्या फाइलमध्ये चार तिमाहींचे तपासणी अहवाल होते. ऑक्सिजन चारही वेळा 'समाधानकारक'. नमुने घेतल्याची वेळ कुठे अकरा, कुठे साडेअकरा. माणूस चहा पिऊन, सही करून, बाटली भरून गेला होता. त्याने काही खोटं केलं नव्हतं. अकरा वाजता तळं खरंच समाधानकारक असतं.

आम्ही त्या पहाटे बागेचा पंप ओढून आणला आणि पाणी उंचावरून परत तळ्यातच आदळत ठेवलं. वॉचमन आणि मी, दोघांनी मिळून नऊपर्यंत. माशांचा खाऊ तीन दिवस बंद. पंधरा-वीस मोठे मासे गेले, बाकी वाचले. नंतर कमिटीने मला विचारलं की या कामाचं बिल कोणत्या हेडखाली लावायचं, कारण करारात 'भेट' सकाळी दहा ते सहा अशी होती.

तुमच्या तळ्यात कारंजं आहे, मला कल्पना आहे. रात्री दिव्यांत छान दिसतं. पण ते वरचंच पाणी उडवतं, खालच्या थराला त्याचा पत्ता नसतो. तळाशी बसवायचा हवेचा एरेटर वेगळा. आणि तो बसवलात तर भर उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी चोवीस तास चालू ठेवू नका. खालचं सडकं, ऑक्सिजन नसलेलं पाणी एकदम वर आलं तर तुम्हीच मासे माराल. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत जायचं. निळा रंग टाकून पाणी सुंदर दिसतं, मुळात काही बदलत नाही. जिवाणूंच्या पावडरींबद्दल माझं मत विचारू नका, बरेच विक्रेते माझे मित्र आहेत. गवत्या मासा पाणवनस्पती खातो हे खरं. पण त्याने तळाची झाडी फस्त केली की तिच्यात अडकलेलं पोषण शेवाळाच्या ताटात पडतं. झाडी होती तेव्हा तुम्ही तक्रार करत होता, हे मी नंतर आठवण करून देत नाही.

गाळावर मात्र मला थांबावं लागेल. तो मोजायची माझी पद्धत फार साधी आहे. दोन बांबू. एकाच्या टोकाला थाळीएवढी चकती, ती गाळाच्या वरच्या थरावर टेकते. दुसरा टोकदार, तो खालचं कठीण लागेपर्यंत दाबायचा. दोन्हींतला फरक म्हणजे गाळ. होडीत उभं राहून असे पन्नास-साठ ठिकाणी टोचावे लागतात, दुसऱ्या दिवशी खांदे वर होत नाहीत. मागे एका ठिकाणी १.४ मीटर पाणी आणि त्याखाली ०.९ मीटर गाळ निघाला. बांबू उपसला की बुडबुड्यांची रांग वर आली आणि कुजलेल्या अंड्यांचा वास सुटला. होडीत बसलेले खजिनदार म्हणाले, "शी!" मी म्हटलं, काका, हा तुमचा तीस वर्षांचा जमाखर्च आहे.

ते मी विनोदाने म्हटलं खरं, पण गाळ म्हणजे अक्षरशः साठलेला फॉस्फरस. ऑक्सिजन असेतो गाळातलं लोखंड त्याला धरून ठेवतं, ऑक्सिजन संपला की सोडून देतं. म्हणून बाहेरून येणारं सगळं बंद केलं तरी तळं पुढे कित्येक वर्षं स्वतःच्याच तळातून हिरवं होत राहू शकतं. स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्याचं हेच झालं होतं. सांडपाणी बंद झालं, तळं काही सुधारेना. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये दर वर्षी सुमारे अर्धा मीटर असा वरचा गाळ शोषून काढला, तेव्हा पाणी बदललं. उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात जाणारं सांडपाणी १९६३ पासून वळवायला घेतलं, १९६८ मध्ये ते काम संपलं, आणि तिथे गाळाला हात न लावता पुढच्या काही वर्षांत पाणी निवळलं. खोल सरोवर ते, आपलं उथळ तळं. तेव्हा गाळ काढायचा की नाही, याचं उत्तर मला बांबू घेऊन दोन दिवस राबल्यावरच देता येतं. फोनवर नाही. आणि वरून नाला चालूच ठेवून गाळ काढणार असाल तर ते पैसे मला द्या, मी सुट्टीवर जातो.

इथे जरा पैशांचं बोलतो, कारण तुम्ही बोलत नाही. मी औषध विकत नाही, यंत्र विकत नाही, कंत्राटदाराकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे माझ्या हातात विकायला राहतो तो अहवाल. त्या अहवालात कधीकधी मी लिहितो की सध्या काही करू नका, काठाचं गवत तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यात वाढू द्या, त्या पट्ट्यात खत बंद करा, आणि एक वर्ष नुसतं मोजा. या सल्ल्याचं बिल मंजूर होत नाही. "सर, तुम्ही काही केलंच नाही." तोच मी वीस ड्रम कसली तरी पावडर सुचवली असती तर चेक आठवड्यात निघाला असता. वाढलेला काठ अव्यवस्थित दिसतो, साप येतील, डास होतील, सगळं ऐकून घेतो. त्यातलं डासांचं थोडं खरं आहे, म्हणून साचलेल्या उथळ कोपऱ्यांत पाणी फिरतं ठेवायला सांगतो. पण कोरून-कापून ठेवलेल्या काठावरून पहिल्या सरीचं पाणी सरळ तळ्यात जातं. मध्ये त्याला अडवायला कुणीच नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. मी तुमच्याकडे आल्यावर फाटकापाशी बूट, जाळं आणि होडीचं बूड घासून धुतो, निघतानाही धुतो. तुमचे सिक्युरिटीवाले हसतात. जलपर्णीचा एक तुकडा किंवा दुसऱ्या तळ्यातला एखादा रोग माझ्याच बुटाला चिकटून येऊ शकतो. तुमच्याकडे मासेमारीला येणारे हौशी पाहुणे ओल्या जाळ्यांनिशी थेट आत येतात, त्यांना कुणी अडवत नाही. जाळी उन्हात खडखडीत वाळवून आणायला सांगा, एवढं कराल?

आता तुमच्याकडून काय हवंय ते. मोठं काही नाही. वीस सेंटिमीटर व्यासाची एक चकती करून घ्या, चार भाग पाडून समोरासमोरचे पांढरे आणि काळे रंगवा, खाली वजन, वर न ताणणारी दोरी, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण. आंजेलो सेकी नावाचे इटलीचे खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू होते, त्यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढरी चकती सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते पाहिलं. आजही आम्ही जवळपास तेच करतो. दर पंधरा दिवसांनी, दुपारच्या सुमारास, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून. चकती दिसेनाशी होते ती खोली, वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी वहीत. सोबत तारीख, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का, हिरवळीला खत कधी मारलं. माळीकाकांना हे काम द्या, इंजिनिअर सदस्यांना देऊ नका, ते पहिल्याच महिन्यात ॲप बनवतील आणि मोजणं राहून जाईल.

अशी एक वर्षाची वही माझ्या हातात आली तर मी तुम्हाला जे सांगेन ते अंदाजाने नसेल. दीड मीटरवरून चकती साठ सेंटिमीटरवर आली की तेव्हाच फोन करा, त्या वेळी पाणी नुसतं किंचित हिरवट दिसत असेल आणि बाकी सगळे म्हणत असतील की काही झालेलं नाही. तेव्हाचा फोन मला बुधवारच्या दहा फोनांपेक्षा जास्त आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तळ्यांच्या काठाकाठाने फिरणारा एक सल्लागार

ता. क. ज्यांचा कार्यक्रम याच शनिवारी आहे त्यांच्यासाठी: पाणी तोवर निवळणार नाही. पण तरंगणारं शेवाळ वारा वाहतो त्या दिशेच्या काठाला जाऊन जमतं, वासही तिथेच. शुक्रवारी संध्याकाळी वारा कुठून येतोय ते बघा आणि खुर्च्या त्या काठावर मांडा.